सातवरून अकरावर

माझ्या वहीत माणसांची नावं नसतात.
खाटांचे नंबर असतात, आणि हात.
कोणता हात कुठून निघाला, कुठे टेकला,
मध्ये पाण्याला भेटला का.
दोन वर्षं हेच काम:
वॉर्डाच्या दाराशी उभं राहायचं
गोळ्यांचा साठा मोजत असल्याचं सोंग करून.

मे महिना. नागपूर शेचाळीसवर.
नळाला येतं ते पाणी कढत,
दुपारी तीननंतर तेही नाही.
खिडकीतला कूलर ओल्या वाळ्याचा वास
आणि त्यासोबत आणखी काय काय
सगळ्यांना सारखं वाटतो.
खाटेच्या पायथ्याशी हात चोळायच्या औषधाची बाटली,
बँकेतल्या पेनासारखी साखळीला बांधलेली.
तरी दोन गेल्या.
साखळ्या तेवढ्या लोंबताहेत.

सात नंबरच्या जखमेतला जंतू
बुधवारी अकरा नंबरच्या लघवीत सापडला.
मधल्या तिघांना काही नाही.
"तोच आहे सिस्टर," लॅबमधून तुरस्कर म्हणाले,
"त्याच औषधांना दाद देत नाही, त्याच दोघांना देतो."
जसे काही दूरच्या स्टेशनवर भेटलेले
एकाच गावचे दोघं.

मी आधी डॉक्टरांवर संशय घेतला.
तो माझा आवडता संशय.
मग बीपीच्या पट्ट्यावर, जो कोणीच कधी पुसत नाही.
मग स्वतःवर, थोडासा, रात्री.
आणि तिसऱ्या दिवशी दिसली
फुलवंताबाई पंधरे, देवलापारकडची,
सात नंबरची आई.

ती लेकाच्या ड्रेसिंगखाली जुनं लुगडं सारायची,
भिजलेलं काढून गुंडाळायची,
आणि तशीच उठून जायची अकराकडे.
अकरा म्हणजे बालाघाटचा ट्रकवरचा पोरगा,
ज्याच्यासाठी फाटकातून आजवर कोणी आत आलं नाही.
त्याची लघवीची पिशवी तीच रिकामी करायची.
गळ्याखालचा घाम पुसायची.
तो तिला मौसी म्हणायचा.

वहीत मी लिहिलं: सात ते अकरा. पाणी नाही.
चार दिवसांत चौदा वेळा.
एवढी माया मी एका रकान्यात
आधी कधी मोजली नव्हती.

"माई, करून राहिल्या ते चांगलंच आहे.
फक्त मधात हात धुवत जा."
तिनं दोन्ही तळवे उलटेसुलटे करून पाहिले,
दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे.
"म्हंजे माह्याच हातानं झालं का त्याले?"

पोस्टरवर या प्रश्नाचं चित्र नाही.
प्रशिक्षणातल्या सहा पायऱ्यांत याची पायरी नाही.
मी म्हटलं, "सगळ्यांच्याच हातानं होते, माई."
ते खरं होतं.
उत्तर मात्र नव्हतं.

त्यानंतर ती अकराकडे गेली नाही.
लेकाच्या उशाशी बसून राहिली,
हात पदरात बांधून ठेवल्यासारखे.
रात्री दोनला फेरीवर आले
तर अकराची पिशवी टम्म, नळी ताणलेली,
पोरगा जागा, छताकडे बघत.
एक सिस्टर, बावन्न खाटा.
वहीत लिहिलं:
अकरा. सहा तास. हात: एकही नाही.
खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

सकाळी नळ सुरू होता तेव्हाच
पिंप भरून घेतलं, तोटीचं, झाकणाचं,
आणि वॉर्डबॉय धकातेशी भांडून
सात आणि अकराच्या मधोमध ठेवलं.
स्ट्रेचर अडते म्हणाला. अडू दे.
माईला हाक मारली, "या."
ती लांबूनच म्हणाली, "नको बाई. माहा हात लागंन."
मग मीच आधी धुतले. साबण तिच्यापुढे धरला.
बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांच्या कडा.
"किती वेळ?" तिनं विचारलं.
"वीस मोजेपर्यंत."
ती तिच्या भाषेत मोजू लागली,
उंदी, रंड, मूंद,
त्यापुढचे आकडे मला येत नाहीत,
म्हणून तिचं मोजून होईस्तोवर
मीही साबण चोळत राहिले.

मग ती अकराकडे गेली.
मी वही उघडली.

बारा नंबरला कालपासून ताप आहे.
रिपोर्ट सोमवारी.